चौकटी कंसातले नाव

मराठी विभागाच्या खोलीत खिडकीला लागून एक लोखंडी कपाट आहे. त्याची किल्ली कित्येक वर्षे माझ्याकडे होती आणि तेवढीच वर्षे ते उघडण्याचा प्रसंग आला नव्हता. मूल्यांकन समितीच्या भेटीची तयारी सुरू झाली तेव्हा प्राचार्यांनी ‘विभागाकडे जे जे आहे त्याची यादी’ मागितली आणि नाइलाजाने मी कपाट उघडले. आत दोनशे बारा वस्तू निघाल्या. बहुतेक व्हीएचएस कॅसेटी, काही काडेपेटीहून जराशा मोठ्या मिनी-डीव्ही टेपा, सीडींची एक चळत, आणि तळाशी सुपर-८ फिल्मचे एक रीळ. डबा उघडताच त्या रिळाला व्हिनेगरसारखा आंबूस वास आला. अ‍ॅसिटेटची फिल्म कुजू लागली की हाच वास येतो, हे मला पुष्कळ नंतर कळले. त्या दिवशी मी नुसताच डबा बंद केला.

कॅसेटींवर चिठ्ठ्या होत्या. ‘स्नेहसंमेलन’, ‘स्नेहसंमेलन २’, ‘भाषण – पूर्ण’, ‘भाषण – अपूर्ण’, ‘शकुंतला’, ‘मा. प्रमुख पाहुणे’. एकीवर लाल शाईने ‘पुसू नये’ असे लिहिलेले होते आणि नंतर कोणीतरी निळ्या शाईने ते खोडले होते. ‘शकुंतला’ हे कालिदासावरचे व्याख्यान असावे असे मी धरून चाललो होतो. लग्नाच्या चित्रीकरणाचा व्यवसाय करणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून व्हीसीआर मागून आणला आणि कॅसेट लावली, तर पडद्यावर मूर्तिजापूरहून अचलपूरकडे निघालेली शकुंतला गाडी! कुणा विद्यार्थ्याने दाराशी उभे राहून केलेले चाळीस मिनिटांचे चित्रण. कॅमेरा सारखा हलतो आहे, तुरीची शेते, मधूनच कुणाचा तरी कोपर. ती गाडी आता धावत नाही. ज्याने हे चित्रण केले त्याचे नाव चिठ्ठीवर नाही.

आमच्याकडे भुलाबाईच्या गाण्यांनंतर खिरापत ओळखण्याचा खेळ असतो. झाकलेला डबा हलवायचा, आवाज ऐकायचा आणि आत काय आहे ते सांगायचे. या कपाटापुढे माझी गत तशीच झाली होती. फरक इतकाच, की येथे डब्यांवर नावे लिहिलेली होती आणि ती चुकीची होती.

मी दोनशे बारा ओळींची यादी करून ग्रंथालयात दिली. आमच्या ग्रंथपाल मॅडमनी ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि शांतपणे म्हणाल्या, “सर, ही यादी झाली. नोंद झाली नाही.” मला जरा रागच आला, पण त्यांचे म्हणणे पुढे वर्षभर मला पुरले. यादी ही कपाटाच्या मालकासाठी असते. आपल्याकडे काय आहे एवढेच ती सांगते. नोंद असते ती अर्धवट माहिती घेऊन येणाऱ्या परक्या माणसासाठी. त्याला कार्यक्रमाचे नाव ठाऊक नसते, वर्ष अंदाजे ठाऊक असते, एखाद्या माणसाचे आडनाव तेवढे आठवत असते. त्या तुटपुंज्या सामग्रीवर त्याला वस्तूपर्यंत नेऊन पोचवायचे, तर नोंद करणाऱ्यांनी आधी आपापसांत काही ठरवून घ्यावे लागते. नाव कोठून घ्यायचे, कर्ता कोणाला म्हणायचे, तारीख कोणती मानायची. या ठरवून घेण्यालाच मानक म्हणतात. साहित्याच्या माणसांना हा शब्द रुक्ष वाटतो, मलाही वाटत असे. परंतु पाठचिकित्सेचा पेपर वर्षानुवर्षे शिकवणाऱ्याने तो रुक्ष मानावा याला काही अर्थ नव्हता.

पुस्तकाचे बरे असते. ते आपले नाव, कर्ता, प्रकाशक आणि साल मुखपृष्ठामागच्या पानावर स्वतःच सांगते. ग्रंथपालाने ते नीट उतरवून घेतले की झाले. हलत्या चित्रांची गोष्ट तशी नाही. चित्रपटाला निदान श्रेयनामावली असते. पण तीही पुष्कळदा रिळाच्या सुरुवातीला असल्याने सर्वांत आधी झिजते, तुटते, हरवते. शिवाय एकाच नावाचे दोन चित्रपट असतात आणि एकाच चित्रपटाची दोन नावे असतात. बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ १९२५ सालचा मूकपट. तोच विषय घेऊन त्यांनीच १९३६ साली बोलपट काढला. मूकपट आज उपलब्ध नाही. ‘श्यामची आई’ म्हटले की आमच्या पिढीला आचार्य अत्र्यांचा १९५३चा चित्रपट आठवतो. माझ्या विद्यार्थ्यांना २०२३चा आठवतो. उलट प्रभातने १९३७ साली एकाच कथेवर ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’ असे दोन भाषांतले चित्रपट काढले. १९४१च्या ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’त तर हिंदू शेजाऱ्याच्या भूमिकेत मराठीत केशवराव दाते आहेत आणि हिंदीत मझहर खान. मग ही एक कृती की दोन? अनुवाद की पुनर्लेखन? एम.ए.च्या वर्गात रूपांतर या संकल्पनेवर आपण तासभर बोलतो आणि प्रश्न मोकळा ठेवून घंटा झाली की बाहेर पडतो. नोंद करणाऱ्याला तसे करता येत नाही. त्याला एक कार्ड करायचे की दोन, हे संध्याकाळपर्यंत ठरवावे लागते.

या साऱ्याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या चित्रपटसृष्टीच्या आरंभीच आहे. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. चित्रपट चार रिळांचा होता. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्यातली पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळे आहेत. हे संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, फाळक्यांचे उरलेसुरले चित्रण जमविण्यात पी. के. नायर यांचा मोठा वाटा आहे, आणि २०२२च्या निर्णयानंतर संस्थेच्या नावामागे एनएफडीसी ही अक्षरे लागली आहेत. तर ही जी रिळे आपण १९१३ची म्हणून श्रद्धेने पाहतो, ती फाळक्यांनी १९१७ साली नव्याने काढलेल्या ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ची आहेत, असे काही चित्रपट-इतिहासकारांचे मत आहे. फिल्म तीच, तारामतीचा पदर तोच, पण नोंदीत साल कोणते घालायचे यावर ‘भारताचा पहिला कथापट’ आपण पाहिला की नाही हे अवलंबून! वाद सुटेपर्यंत थांबावे तर नोंदच होणार नाही. म्हणजे नोंदीची घडणच अशी हवी, की तिच्यात ‘ही वस्तू आमच्याकडे आहे’ हे निश्चितपणे सांगता यावे आणि ‘ही वस्तू त्या कृतीची आहे’ हे मात्र ‘असे म्हणतात’ या सुरात सांगता यावे.

अशी घडण अस्तित्वात आहे. चित्रपट संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिआफने, २०१६ साली हलत्या चित्रांच्या सूचीकरणाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्या आधी त्यांची १९९१ची नियमावली होती; मधल्या काळात ग्रंथपालांच्या जगात १९९८च्या एफआरबीआर या प्रारूपाने विचाराची पद्धतच पालटली होती, आणि २०१०मध्ये चित्रपटकृतींसाठी ईएन १५९०७ हे युरोपीय मानक आले होते. त्या सर्वांचा मेळ या मार्गदर्शिकेत आहे. तिच्यात चार पायऱ्या आहेत. त्यांना ग्रंथालयशास्त्रात मराठी प्रतिशब्द असतील. मी माझ्या सोयीने आपल्याच दुकानातले शब्द घेतले: कृती, पाठ, आवृत्ती आणि प्रत. ‘राजा हरिश्चंद्र’ ही कृती. तिचा कापलेला, वाढवलेला, बदललेला अवतार म्हणजे पाठ. ती ज्या रूपात बाहेर पडली ते रूप, पस्तीस मिलिमीटर असो वा डीव्हीडी, ही आवृत्ती. आणि आपल्या कपाटात प्रत्यक्ष असलेला, आंबूस वास येणारा डबा म्हणजे प्रत. डबा कुजला, हे प्रतीच्या नोंदीत जाते. साल संशयित आहे, हे कृतीच्या.

हे वाचत असताना मला सारखे वाटत होते की आपण हे आधी कोठेतरी वाचले आहे. मग लक्षात आले, आणि स्वतःचेच हसू आले. ते स्थळ आमच्या विभागापासून बसने दीड-दोन तासांवर आहे. ऋद्धिपूर.

‘लीळाचरित्र’ सिद्ध करताना म्हाइंभट नागदेवाचार्यांकडून लीळा ऐकतात, ज्या ज्या व्यक्तीपुढे प्रसंग घडला तिच्याकडे जाऊन खातरजमा करतात, आणि मग लिहितात, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतोच. मूळ पोथी पुढे धामधुमीत नाहीशी झाली आणि अनुयायांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला, हेही सांगतो. पण या पुन्हा उभे करण्यातली खरी गंमत परीक्षेच्या उत्तरात येत नाही. निरनिराळ्या आठवणी एकमेकींशी जुळेनात, तेव्हा त्या मंडळींनी त्यांचा एक गुळगुळीत गोळा केला नाही. कोणाची आठवण काय सांगते ते ‘वासना’ म्हणून वेगळे ठेवले, मागाहून चौकशीत मिळालेले ‘शोध’ म्हणून वेगळे ठेवले, आणि पाठांना माणसांची नावे दिली. पुढे ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे, वि. भि. कोलते यांनी आपापल्या संपादनांत याच गुंत्याशी झुंज घेतली. कोलते तर आमच्याच वऱ्हाडातले. त्यांची १९७८ची आवृत्ती, तिच्यावरचा आक्षेप आणि तिचे मागे घेतले जाणे हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. सांगायचे ते एवढेच, की कृती एक, पाठ अनेक, आवृत्त्या त्याहून वेगळ्या आणि पोथी ज्याच्या त्याच्या पेटीत, ही समज या मातीत चांगलीच जुनी आहे. मला ती परदेशी मार्गदर्शिकेतून उमगावी याला माझ्या अध्यापनाची पद्धत कारणीभूत असली पाहिजे.

त्या पाठांच्या नावांत एक नाव हिराइसेचे आहे. एका बाईच्या स्मरणावर ग्रंथाचा पाठ उभा राहिला आणि तो तिच्या नावाने ओळखला गेला. त्याच ऋद्धिपुरात महदंबेने गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी धवळे रचले. लग्नात गायची बायकांची गाणी ती, पण कर्तीच्या नावासह आपल्यापर्यंत आली. ही दोन्ही नावे पुढे मला फार जाचली, म्हणून येथेच सांगून ठेवतो.

मानकाचा निर्णय अकोल्यात झाला. म्हणजे वाद अकोल्यात झाला. तेथील एका महाविद्यालयातही अशाच कॅसेटी होत्या, आणि दोघांनी मिळून एकच पद्धत ठरवावी असे निघाले. मी आणि मॅडम बडनेऱ्याहून सकाळच्या गाडीने गेलो. तिकडून संगणकशास्त्र शिकवणारा माझा जुना मित्र होता. तो बी.ए.ला माझ्याबरोबर होता. मग शहाणपण सुचून त्याने दिशा बदलली. त्याने आम्हाला चहा पाजला आणि सरळ मुद्द्यावर आला.

“डब्लिन कोअर घे ना राजा. पंधरा रकाने. विद्यार्थीसुद्धा भरतील. दोन महिन्यांत कपाट रिकामं.”

त्याचे म्हणणे टाकाऊ नव्हते. डब्लिन कोअर हे नाव आयर्लंडच्या राजधानीवरून आलेले नाही, १९९५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील डब्लिन गावी झालेल्या बैठकीवरून आले आहे, ही माहिती त्याने मला आवर्जून दिली. शीर्षक, कर्ता, विषय, वर्णन, तारीख, भाषा, हक्क अशा पंधरा घटकांत जगातली कोणतीही वस्तू बसवता यावी ही त्यामागची कल्पना. महाविद्यालयांचे डिजिटल संग्रह ज्या आज्ञावलींवर चालतात त्यांतल्या काहींना हीच रचना आपसूक येते. मॅडमचा कल अर्थात मार्क २१कडे होता. आमचे ग्रंथालय इन्फ्लिबनेटच्या ‘सोल’वर चालते, पुस्तके मार्कमध्ये आहेत, मग कॅसेटींची वेगळी चूल कशाला? एकाच शोधात ‘गाडगेबाबा’ घातले की बाबांची चरित्रेही दिसावीत आणि राजदत्तांचा १९७७चा ‘देवकीनंदन गोपाला’ही दिसावा. चित्रपटाच्या नावात गाडगेबाबा हा शब्द नाही. तेव्हा विषयाचा रकाना नीट भरला नसेल तर वाचक कोरडा परत जाणार. मार्कमध्ये घटना कोठे आणि केव्हा घडली यासाठी ५१८ क्रमांकाचे स्वतंत्र क्षेत्र आहे, हेही त्यांनी दाखवले. तोपर्यंत मी मार्कला फक्त आकड्यांचे जंगल समजत होतो.

मी फिआफची बाजू मांडली, ती बहुधा नको तितक्या भावनेने. मित्र म्हणाला, “अरे, तुमच्या गॅदरिंगच्या कॅसेटीला कृती, पाठ, आवृत्ती, प्रत? प्रतच एक आहे ना बाप्पा!” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. खरोखरच, दोनशे बारापैकी बहुतेकांची एकच प्रत होती, आणि जिची एकच प्रत आहे तिला चार मजले बांधून देणे हा डौल ठरला असता.

भाषेच्या रकान्यावर मात्र आम्ही तिघेही अडलो, आणि तेथे दुपार गेली. मार्कच्या नेहमीच्या यादीत मराठीसाठी एम-ए-आर ही तीन अक्षरे आहेत. आमच्या कितीतरी कॅसेटींत म्हाताऱ्या बाया, गोंधळी, शेतकरी वऱ्हाडी बोलतात. आयएसओ ६३९-३ या मोठ्या यादीत वऱ्हाडी-नागपुरीला व्ही-ए-एच असे स्वतंत्र चिन्ह आहे. ते वापरावे? मित्र लगेच म्हणाला, वापरा. शोधणाऱ्याचे काम सोपे होईल. मला ते चटकन मान्य होईना. चिन्ह वेगळे दिले की भाषा वेगळी झाली, असा अर्थ उद्या कोणी काढेल. वऱ्हाडी ही मराठीची बोली की वेगळी भाषा, हा प्रश्न तीन अक्षरांत सोडवण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला? आणि न वापरावे, तर आयुष्यभर वर्गात ‘बोली ही भाषेची अशुद्ध आवृत्ती नव्हे’ असे सांगणारा मी, नोंदीत तिला प्रमाण मराठीच्या पोटात गडप करून टाकणार. शेवटी मॅडमनी दोन्ही चिन्हे द्यावीत असे सुचवले. मार्कमध्ये भाषेचे क्षेत्र एकाहून अधिक वेळा वापरता येते आणि चिन्ह कोणत्या यादीतले तेही सांगता येते. ‘वऱ्हाड’ हे नाव रोमन लिपीत किती प्रकारांनी लिहिले जाते, त्यात ‘बेरार’ आणि ‘अमरावती’ची जुनी इंग्रजी स्पेलिंगे मिळवली तर काय होते, यावर उरलेली संध्याकाळ गेली. चित्रपट वितरणाच्या धंद्यात आजही सी.पी. बेरार हा शब्द चालतो. ज्या प्रांताला नकाशावरून जाऊन सात दशके उलटून गेली, तो पोस्टरांच्या हिशेबात अजून जिवंत आहे! आम्ही एक नाव प्रमाण ठरवले आणि बाकीच्यांवरून तिकडे वाट दिली.

परतताना गाडीत मॅडमनी विचारले, “सर, तुम्ही एवढे फिआफसाठी का भांडलात?” तेव्हा मी ते टाळले. खरे कारण कपाटातली एक मिनी-डीव्ही टेप होती.

२००५ साली मी तासिका तत्त्वावर काम करत होतो. विभागात नवा कॅमेरा आला होता आणि तो हाताळण्याचा उत्साह माझ्याखेरीज कोणाला नव्हता. कोजागिरीच्या आसपास दर्यापूरकडच्या एका गावात जाऊन मी भुलाबाईची गाणी चित्रित केली. भाद्रपदी पौर्णिमेपासून महिनाभर भुलाबाई बसते. शेवटच्या रात्री पोरीबाळींबरोबर लेकुरवाळ्या आणि म्हाताऱ्याही गातात. अकरा बाया होत्या. त्यांतल्या एका आजींना इतकी गाणी येत होती की दोन टेपा भरल्या तरी त्या थांबेनात. घरी येऊन मी चिठ्ठ्या लिहिल्या. त्या चिठ्ठ्या आजही आहेत आणि अक्षर माझे आहे: ‘भुलाबाई – महिला – १’, ‘भुलाबाई – महिला – २’. खाली संकलक म्हणून माझे पूर्ण नाव, पदवीसह.

चिठ्ठी एवढीच, तेव्हा डब्लिन कोअरच्या ‘कर्ता’ या रकान्यात काय भरले जाईल हे उघड होते. विद्यार्थी चिठ्ठी पाहील आणि माझे नाव टाकील. नियमाच्या दृष्टीने त्याची चूकही नसेल. सहयोगी म्हणून एक रकाना आहे, पण त्यात घालायला ‘महिला’ या शब्दापलीकडे काही नाही. फिआफच्या पद्धतीत व्यक्ती आणि तिने केलेले काम यांची जोडी वेगळी नोंदवावी लागते: कॅमेरा कोणाचा, गायन कोणाचे, निवेदन कोणाचे. म्हणजे नोंद करताना समोर गायिकांची एक रिकामी जागा उभी राहते आणि ती भरल्याशिवाय पुढे सरकताना लाज वाटते. मार्कमध्येही गायक-वादकांसाठी टीपेची सोय आहे, हे मॅडमनी मला मागाहून दाखवले. तेव्हा दोष मानकात नव्हता. म्हाइंभटाने घरोघर जाऊन विचारले. माझ्या हातात कॅमेरा होता, समोर माणसे होती, आणि मी विचारले नाही.

दुसरी टेप लावून पाहिली. पहिली चार मिनिटे भुलाबाई आहे. त्यानंतर एका पाहुण्यांचे स्वागत, शाल, श्रीफळ आणि प्रास्ताविक. प्रास्ताविक मीच करतो आहे. २००६ साली ऐन वेळी कोरी टेप मिळेना, म्हणून हाताशी आली ती मी घातली होती. हे मी पूर्णपणे विसरलो होतो.

मागच्या दिवाळीनंतर पहिली टेप लॅपटॉपवर घेऊन मी त्या गावी गेलो. घर शोधायला वेळ लागला. त्या गाणाऱ्या आजी आता नाहीत. त्यांच्या सूनबाई, ज्या चित्रणात मागे उभ्या राहून टिपऱ्या खेळताना दिसतात, त्या स्वतःच आता आजी झाल्या आहेत. अंगणात खाटेवर लॅपटॉप ठेवला. हां हां म्हणता शेजारच्या चौघी-पाचजणी जमल्या. चित्र सुरू झाले तसे आधी हसू, मग एकदम शांतता. सासूचा आवाज आला तेव्हा सूनबाईंनी पदर तोंडाला लावला. मी वही काढून नावे विचारू लागलो, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि त्या म्हणाल्या, “तुले नाव पायजे होतं त तवाच इचारा लागत होतं ना बाप्पा. तवा त तू नुसता गाणे म्हणा, गाणे म्हणा करे.”

रागाने नव्हे, अगदी साधेपणाने म्हणाल्या. मग एकेक नाव सांगू लागल्या. तेथेही नवा प्रश्न होताच. एका बाईचे माहेरचे नाव वेगळे, सासरचे वेगळे, आणि गाव तिला ओळखते ते ‘अमक्याची माय’ म्हणून. कोणते लिहायचे? आजींच्या सुनेने सासूचे माहेरचे नाव सांगितले. “गाणे तिनं मायेराहूनच आणले होते,” म्हणून. या उत्तरापुढे कोणतेही मानक मला तोकडे वाटले, पण त्या दिवशी तरी मानकाने सोय करून ठेवली होती. एका व्यक्तीची सारी नावे नोंदवायची, एक प्रमाण मानायचे, बाकीच्यांवरून वाट द्यायची. आम्ही माहेरचे प्रमाण मानले. अकरापैकी सात नावे मिळाली. ती मी येथे देत नाही. नोंदीत घालण्यापुरतीच परवानगी मी मागितली होती.

शीर्षकाचा मुद्दा त्यातल्या त्यात सोपा निघाला. ज्या चित्रणाला स्वतःचे नाव नाही, त्याला नोंद करणाऱ्याने नाव द्यावे आणि ते आपण दिलेले आहे हे कळावे म्हणून चौकटी कंसात ठेवावे, अशी ग्रंथपालांची जुनी रीत आहे. ती मला फार सभ्य वाटते. संपादक पोथीत गळलेले अक्षर कंसात भरतो, तेव्हा तोही हेच सांगत असतो, की हे माझे आहे, कवीचे नव्हे. आमच्या जवळजवळ शंभर कॅसेटींची नावे आता अशी चौकटीत आहेत. जुनी चिठ्ठी टाकून दिलेली नाही. प्रतीच्या नोंदीत ती जशीच्या तशी, ‘महिला’ या शब्दासह आणि माझ्या पदवीसह, उतरवली आहे. मॅडमनी एकदा विचारले होते, पदवी गाळू का? मी नको म्हणालो.

निर्णय काय झाला, असे कोणी विचारील. झाला तो सरमिसळ झाला, आणि शास्त्रशुद्ध माणसाला तो पटणार नाही. सर्व वस्तूंच्या नोंदी मार्कमध्ये, ग्रंथालयाच्याच सूचीत. डिजिटल प्रती झाल्या त्यांना बाहेरच्या जगासाठी डब्लिन कोअरचे पंधरा रकाने. आणि चाळीस-बेचाळीस निवडक चित्रणांसाठी फिआफच्या धर्तीवर विस्तृत नोंदी: लोकपरंपरेची, दिवंगत लेखकांच्या व्याख्यानांची, आणि त्या शकुंतलेची. मित्राच्या मते यात दोन महिन्यांचे काम दोन वर्षांचे झाले. त्याचे गणित बरोबर आहे. चुंबकीय टेपांचे डिजिटल रूपांतर २०२५पर्यंत उरकावे, पुढे यंत्रेही मिळणार नाहीत आणि ती चालवणारेही, असा इशारा ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ सालीच दिला होता. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६मध्ये उत्पादन थांबवले. मुदत उलटून गेली आहे, आमच्या साठएक कॅसेटी अजून लावून पाहायच्या आहेत, आणि मागून आणलेल्या व्हीसीआरचे हेड दर चार कॅसेटींनंतर पुसावे लागते. मी नोंदींच्या मजल्यांवर वेळ घालवत असताना एखाद्या टेपेवरची बुरशी पुढे सरकलीच असेल. हा आक्षेप मी स्वतःच स्वतःवर घेतो आणि तरीही रविवारी तेच काम करतो.

दुसऱ्या टेपेची नोंद कशी करायची हे मात्र पुष्कळ दिवस ठरत नव्हते. टेपेवर आज जे आहे ते एका स्वागतसमारंभाचे चित्रण. त्याची नोंद झाली. पण त्याखाली जे होते त्याचे काय? फिआफच्या रचनेत प्रत हातात नसली तरी कृतीची नोंद करता येते. हरवलेल्या चित्रपटांच्या नोंदी अशाच असतात, ‘सावकारी पाश’च्या मूकपटाचीही अशीच करावी लागेल. मॅडमनी एका दुपारी ती नोंद केली. शीर्षक चौकटी कंसात. स्थळ, महिना, साल. गायन या कामासमोर सात नावे आणि ‘अन्य चार’. प्रतीच्या जागी: चार मिनिटे शिल्लक, उर्वरित पुसून त्यावर २००६मध्ये अन्य चित्रण. कोणी पुसले यासाठी रकाना नव्हता. मी टीप घालायला सांगितली. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले, आणि घातली.

राहिलेल्या चार जणींपैकी एक अंजनगावला लेकीकडे असते, असे सूनबाईंचा परवा फोन आला होता. परीक्षेचे पेपर तपासून झाले की जाणार आहे.